जाळण्यासाठी केलेली कला

हाँगकाँगच्या क्वीन्स रोड वेस्टवरच्या दुकानांचे व्हिडिओ पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी हसलो होतो. कागदाचा स्मार्टफोन, सोबत कागदाचाच चार्जर. कागदी शर्ट, कागदी डिमसम, कागदी बंगला. छिंगमिंगला किंवा चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात हे सगळं पूर्वजांच्या नावानं जाळायचं. जळालं की पोचलं. मेलेल्या माणसाला चार्जर कशाला, हा माझा विनोद. आज तो मला उथळ वाटतो.

2016 मध्ये गुचीनं हाँगकाँगमधल्या काही दुकानदारांना पत्रं धाडली: आमच्या बॅगांच्या कागदी नकला विकू नका. टीका झाली, थट्टा झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली. मी त्या पत्राकडे एक फसलेली समीक्षा म्हणून बघतो. गुचीनं वस्तू पाहिली, तिचं काम पाहिलं नाही. बनावट बॅग खरी म्हणून मिरवायची असते. कागदी बॅग कुणालाच फसवत नाही.

हा विचार जुना आहे. विधींविषयीच्या ‘लीजी’ या प्राचीन ग्रंथाचं म्हणणं असं, की गेलेल्याला निव्वळ मेलेलं मानणं मायेला धरून नाही आणि जिवंत मानणं शहाणपणाचं नाही. म्हणून त्याच्यासोबत ठेवायच्या वस्तू दिसायला वस्तूंसारख्या, पण वापरता न येणाऱ्या. कागदाचा चार्जर नेमका या मधल्या जागेत बसतो.

2019 मध्ये पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात तैवानमधल्या अशा कागदी वस्तूंचं प्रदर्शन झालं. कारागिरांना तो मान मिळायलाच हवा होता. तरी मला वाटतं, न जळालेली कागदी वस्तू म्हणजे प्रयोग न झालेलं नाटक.

या परंपरेवर माझा आक्षेपही आहे. परलोकाच्या नोटांवर शून्यं वाढतच जातात, ब्रँड बदलत राहतात. बाजार मेल्यावरही पाठ सोडत नाही. पण जाळणाऱ्याच्या मनातला प्रश्न बाजारानं दिलेला नाही. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवला नाही, की घाटावरचे सगळे गप्प होतात आणि कुणीतरी हळूच विचारतं, “काय राहिलं असेल?” त्या कागदी चार्जरमागेही हाच प्रश्न आहे. मी हसलो होतो तो त्याला.