नामांतर की अन्वयार्थ? : बेने इस्राएलांच्या सणांची मराठी नावे

कोकणातील बेने इस्राएल समाजाने आपल्या सणांना दिलेली मराठी नावे अभ्यासकांनी प्रामुख्याने दोन प्रकारे वाचली आहेत. एका वाचनानुसार ती विस्मृतीची खूण आहेत : हिब्रू ग्रंथपरंपरा हरवली, मूळ नावे गेली आणि उरले ते अवशेष. दुसऱ्या वाचनानुसार ती शेजारधर्मांच्या 'प्रभावा'ची खूण आहेत. दोन्ही वाचनांत एक गृहीतक समान आहे, ते म्हणजे अर्थ मुळाशीच असतो आणि मराठीत उरते ती केवळ त्याची झीज. हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासग्रंथात (लेखन १८९७, प्रकाशन १९३७) या नावांची नोंद आहे. तिश्री महिन्याचा पहिला दिवस हा 'नव्याचा सण'. दहावा, म्हणजे योम किप्पूर, हा 'दारफळणीचा सण'. या दिवशी दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून उपवास करायचा आणि बाहेरच्यांचा स्पर्शही टाळायचा. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' : दानधर्म आणि भेटीगाठी. आव महिन्याच्या नवमीला, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनी, 'बिरड्याचा सण'. हिब्रू नाव प्रायश्चित्त सांगते, मराठी नाव दार. पहिले सिद्धांताचे, दुसरे कृतीचे. धर्मशास्त्र जाणणारा वर्ग जवळ नसताना आचार टिकवायचा, तर नाव कृतीतच ठेवावे लागते. ज्या घरात बिरडे शिजते तेथे दिवस चुकत नाही. ही विस्मृती नव्हे. स्मरणाची ही वेगळी रीत आहे.

'प्रभाव' या संज्ञेची अपुरेपणाची बाजू 'होळीचा सण' आणि 'रमजान' या दोन नावांच्या तुलनेत उघडी पडते. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो. हिब्रू पंचांग चांद्र-सौर आहे; एकोणीस वर्षांत सात अधिकमास घालून ते ऋतूशी मेळ राखते. मराठी पंचांगही अधिकमासानेच हा मेळ साधते. म्हणून बहुतेक वर्षी पुरीम आणि होळी एकाच पौर्णिमेच्या आसपास पडतात. येथे नावाला काळाचा आधार आहे. एलुल महिन्यातील उपवासांना मात्र 'रमजान' म्हटले गेले. इस्लामी वर्षात अधिकमास नाही. त्यामुळे रमजान सर्व ऋतूंतून फिरतो, एलुल फिरत नाही. येथे काळ जुळत नाही, जुळतो तो केवळ महिनाभराच्या उपवासाचा आकार. एका ठिकाणी नाव शेजाऱ्याच्या काळावरून आले, दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याच्या आचारावरून. दोहोंना एकच 'प्रभाव' म्हणणे म्हणजे निवड करणाऱ्या समाजाचे कर्तेपण नाकारणे होय.

एकोणिसाव्या शतकात हिब्रू परतली, तीही मराठीच्या वाटेने. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण निघाले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापला गेला. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया पेसाहची बेखमीर भाकर तयार करताना दिसतात. ही चित्रे भाषांतराला पूरक नाहीत, ती स्वतःच भाष्य आहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा येथे मराठी स्वयंपाकघरात सांगितली जाते. मात्र या पुनरागमनाबरोबर एक श्रेणीही आली. हिब्रू नाव शुद्ध ठरले, मराठी नाव अडाणी.

या श्रेणीचे परिणाम ग्रंथांपुरते राहिले नाहीत. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांच्या संदर्भात, १९६२ च्या सुमारास, तेथील धर्मपीठाने त्यांच्या वंशाची चौकशी आवश्यक ठरवली. समाजाने निदर्शने केली आणि १९६४ मध्ये क्नेसेटने त्यांचे ज्यूपण निःसंदिग्धपणे मान्य केले. ग्रंथाशी तुटलेला आचार संशयास्पद, हेच तर्कशास्त्र दोन्हीकडे आढळते : समीक्षेत ते 'अवशेष' म्हणते, धर्मपीठात 'चौकशी'.

आज बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलमध्ये आहेत आणि ही नावे रोजच्या बोलण्यातून मागे पडत आहेत. मराठी साहित्यविचाराने देशीयतेची चर्चा प्रामुख्याने कादंबरी-कवितेच्या आधारे केली. एखादा समाज दुसऱ्या भाषेतील पवित्र काळ आपल्या भाषेत कसा वसवतो, याचे उदाहरण त्या चर्चेबाहेर राहिले. 'दारफळणी' हा शब्द कोशातील तळटीप म्हणून वाचायचा की योम किप्पूरचे मराठीतील एक समर्थ भाष्य म्हणून, याचे उत्तर मराठी समीक्षेने आपली संहितेची कल्पना किती रुंद ठेवली आहे, यावर अवलंबून आहे.