हॅम्लेटचे थबकणे : काही इंग्रजी क्रियापदांचा विचार

हेझिटेट, वेव्हर, व्हॅसिलेट, फॉल्टर, डिमर, स्क्रूपल ही इंग्रजी क्रियापदे द्वैभाषिक कोशांत बहुधा एकाच पंक्तीला बसविलेली आढळतात. कचरणे, डळमळणे, का-कू करणे हे प्रतिशब्द त्यांना सरसकट वाटून दिले जातात आणि विद्यार्थी हाताला लागेल तो शब्द उचलतो. दैनंदिन व्यवहारात याने फारसे बिघडत नाही. वाङ्मयसमीक्षेत मात्र बिघडते, आणि याचे ठळक उदाहरण म्हणजे 'हॅम्लेट'. त्या नाटकाचा नायक 'अनिश्चयी' आहे हे मत इतके रूढ झाले आहे की ते केवळ एक मत आहे याचाच विसर पडला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. हेझिटेटचे मूळ 'चिकटून राहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. चिखलात रुतलेल्या चाकाला दिशा एकच असते. ते फक्त पुढे सरकत नाही. व्हॅसिलेटच्या मुळाशी डुलण्याची, तोल जाण्याची कल्पना आहे. येथे दोन बाजू लागतात आणि मन एकीकडून दुसरीकडे हेलकावे खाते. आपल्याकडील 'दोलायमान' हा शब्द याच चित्रातून आला आहे. वेव्हर हा जुन्या नॉर्स भाषेशी नाते सांगणारा शब्द असून ज्योतीच्या थरथरण्याला तो जसा लागतो तसा निष्ठेच्या डळमळण्यालाही लागतो. फॉल्टर पावलाला आणि वाणीला सारखाच लावता येतो, आणि मराठी 'अडखळणे' नेमके तेच करते. निश्चय झालेला माणूसही फॉल्टर होऊ शकतो, ही गोष्ट कोशकार सांगत नाहीत. घोड्याच्या बुजण्यावरून आलेला बॉगल आणि आपला 'बुजणे' यांचे साम्यही मौजेचे आहे. परंतु तो प्रस्तुत विषय नव्हे.

रॉजेटने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या शब्दकोशात बुद्धीची अनिश्चितता आणि इच्छाशक्तीचा अनिश्चय यांना दोन वेगळ्या वर्गांत स्थान दिले. ज्याला काय खरे हे कळत नाही तो आणि ज्याला काय करावे हे ठरविता येत नाही तो, असे हे दोन भिन्न पुरुष आहेत. हॅम्लेटवरील पुष्कळ टीका त्यांना एकच समजते.

आता एक साधी वस्तुस्थिती. हेझिटेट हे क्रियापद इंग्रजी लेखनात दिसू लागते ते १६२० नंतरच्या दशकात. शेक्सपिअर १६१६ मध्येच निवर्तला होता. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध कचरणारा नायक ज्या भाषेत घडला तीत हे क्रियापद रुळलेलेच नव्हते. त्याला ते पुढील पिढ्यांनी चिकटविले. गटेने आपल्या 'विल्हेल्म माइस्टर' या कादंबरीत (१७९५-९६) असह्य भाराखाली खचणारे कोमल मन पाहिले. त्याच्या चित्राला फॉल्टर शोभेल. कोलरिजला विचाराचा अतिरेक दिसला. ऑलिव्हिएने १९४८ च्या चित्रपटात तर प्रारंभीच ही मन ठरविता न येणाऱ्या माणसाची शोकान्तिका असल्याचे निवेदनातून सांगून टाकले. हा शुद्ध व्हॅसिलेट झाला. आणि नाटकाच्या संहितेला तो मानवत नाही.

तिसऱ्या अंकातील प्रार्थनेचा प्रवेश पाहावा. हॅम्लेट तलवार उपसतो आणि थांबतो. येथे हेलकावा कोठे आहे? तो कारण देतो : प्रार्थनेत मग्न असता मारला गेलेला राजा स्वर्गास जाईल, आणि पित्याला तर पापनिवेदनाचीही संधी मिळाली नव्हती. हे कारण इतके क्रूर आहे की १७६५ च्या आपल्या आवृत्तीत जॉन्सनला ते भाषण वाचण्यासही भयंकर वाटले. वध करण्याविषयी हॅम्लेटला शंका नाही. आक्षेप आहे तो वेळेला. इंग्रजीत याला डिमर म्हणतात : विलंब या अर्थाच्या मूळ शब्दाला न्यायालयाने आक्षेपाचा अर्थ चढविला. थोड्याच वेळात पडद्यामागील पोलोनिअसला राजा समजून ठार करताना त्याचा हात क्षणभरही अडत नाही. उलट, दोन कामांना बांधला गेल्यामुळे कोठून आरंभ करावा हे न कळणारा माणूस म्हणून स्वतःचे वर्णन करतो तो क्लॉडिअस, आणि तेही याच प्रवेशात. व्हॅसिलेट कुणाला लावायचेच असेल तर ते त्याला लावावे.

हॅम्लेट स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो चौथ्या अंकातील स्वगतात येतो आणि तो स्क्रूपल हा आहे, नामरूपाने. लॅटिनमध्ये तो लहान टोकदार खडा. वहाणेत शिरलेला आणि चालणे अशक्य न करता दुःसह करणारा. औषधविक्रेत्यांच्या तराजूत तेच वीस ग्रेनचे वजनही होते. याच ओळींत हॅम्लेट आपल्या विचाराचे चार भाग करून त्यांत शहाणपणा किती आणि भ्याडपणा किती याचे मोजमाप करतो, हे निव्वळ योगायोगाने घडले असेल असे वाटत नाही. मात्र हे स्वगत दुसऱ्या क्वार्टोत (१६०४-०५) आहे, १६२३ च्या फोलिओत नाही. फोलिओ प्रमाण मानणाऱ्या संपादकाच्या हॅम्लेटला हा खडा टोचतच नाही.

मराठी अनुवादकाची खरी अडचण येथे आहे. 'टोचणी' आपल्याकडे बहुधा कृत्यानंतर लागते; स्क्रूपल कृत्याच्या आधी वाट अडवितो. 'दिक्कत' आणि 'विधिनिषेध' हे शब्द 'न बाळगता' यावाचून क्वचितच भेटतात. इंग्रजीतही स्क्रूपल हे क्रियापद नकाराच्या सोबतीनेच अधिक वावरते, हे साम्य विलक्षण आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये आपल्या अनुवादाला 'विकारविलसित' हे नाव दिले, तेव्हा त्यांनी नाटकाचे मर्म निश्चयाच्या अभावात न मानता विकारांच्या खेळात मानले. हे नाव आजच्या पुष्कळ समीक्षेहून संहितेला अधिक जवळचे आहे. स्क्रूपलसाठी मराठीत त्यातल्या त्यात चालण्याजोगा शब्द 'किंतु'. त्यात डिमरचा आक्षेपही येतो आणि मनात राहून गेलेले काहीतरी असल्याची जाणीवही येते. खड्याचे टोक मात्र त्यात येत नाही, आणि तराजू तर नाहीच नाही.