काळी रेघ आणि पांढरा कागद

पाचगणीच्या अभ्यासवर्गात नसरीन मोहमदी यांच्या रेखाचित्रांच्या छापील प्रती फिरविल्या, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, ‘सर, यात माणूस कुठे आहे?’ प्रश्न रास्त आहे. ज्यांना शतकानुशतके चित्राबाहेर ठेवले त्यांनी चित्रात शिरताच माणूस शोधावा, यात नवल नाही. परंतु अमूर्त कला म्हणजे श्रीमंतांच्या भिंतीवरची सजावट, असे म्हणून पान उलटणे मला पटत नाही.

नसरीन १९३७ साली कराचीत जन्मल्या, १९७२ पासून बडोद्यात कला शिकवीत राहिल्या आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. सत्तरच्या दशकात त्यांनी रंग जवळजवळ टाकून दिला. उरले कागद, पेन्सिल, शाई आणि आखणीची हत्यारे. चित्रांना नावेही नाहीत.

प्रस्थापित समीक्षा अशा कलेला ‘शुद्ध’ म्हणते. हा शब्द आपल्या कानाला टोचतो, टोचलाच पाहिजे. ज्या भाषेत ‘वर्ण’ म्हणजे रंग, अक्षर आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही, त्या भाषेत काळ्या-पांढऱ्याबद्दल भाबडेपणाने बोलता येत नाही. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग दिला आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलाविले आणि फळ्यामागचे जेवणाचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला. फळा काळा, खडू पांढरा. प्रश्न रंगाचा नव्हताच. रेघ कोणी ओढायची, याचा होता.

आता चित्र पाहा. दुरून करडा वाटणारा पट्टा जवळ गेल्यावर निव्वळ बारीक रेघांचा निघतो. रेघा दाटल्या की काळोख होतो, विरळ झाल्या की कागद उजळतो. इथे काळा म्हणजे डाग नाही आणि पांढऱ्याला सोवळे नाही. दोन्ही एकाच अंतराच्या हिशेबातून येतात. मग हिला शुद्ध कशाला म्हणायचे? नसरीन यांनी मागावरच्या ताणलेल्या धाग्यांची कृष्णधवल छायाचित्रे काढली आहेत. माझ्या मते त्यांची रेघ त्या ताण्याच्या नात्यातली आहे, म्हणजे श्रमाच्या. शेवटच्या वर्षांत आजाराने शरीरावरचा ताबा सुटत असतानाही ती वाकली नाही.

तरी त्या कार्यकर्त्याची तक्रार फिटत नाही. ताणा दिसतो, विणकर दिसत नाही. ही उणीव मी झाकणार नाही, आणि ‘अनंत’, ‘शून्य’ असल्या शब्दांनी तर मुळीच नाही. नागपूरच्या सवी सावरकरांच्या मुद्राचित्रांत याच काळ्या शाईतून गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य उभा राहतो. पुढच्या वर्गात ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी ठेवणार आहे.