चिरफाड नाही, म्हणून दुखत नाही?

मूतखडा आघातलहरींनी फोडण्याच्या उपचारावरील सोप्या लेखांत चिरफाड नाही, म्हणजे वेदनाही नाही, असा सूर बहुधा असतो. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यावर आमचा आक्षेप आहे.

म्युनिक येथे १९८० साली माणसावर हा उपचार प्रथम झाला, तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टाकीत ठेवत. मऊ ऊती व पाणी यांतून ध्वनिलहरी जवळजवळ सारख्याच जातात, त्यामुळे त्या त्वचेवरून फारशा परावर्तित होत नाहीत. हे लेखक छान समजावतात. पण त्या रुग्णांना भूल द्यावी लागे, हे मात्र सांगायचे राहते. लहर खड्यापर्यंत पोहोचते ती त्वचा, स्नायू, कधी बरगडी ओलांडून. वाटेतल्या चेतातंतूंना ती जाणवतेच.

पुढच्या यंत्रांत लहरी त्वचेच्या मोठ्या क्षेत्रातून आत सोडल्या जाऊ लागल्या. भिंगाने कागद जाळताना भिंगाजवळ धरलेल्या हाताला चटका बसत नाही, तसेच हे. वेदना कमी झाली, संपली नाही. शिवाय केंद्र लहान झाल्याने नेम चुकणे सोपे झाले. दुखले की रुग्ण हलतो, जोरात श्वास घेतो. खडा केंद्रातून सरकतो आणि आघात नुसत्या ऊतींवर होतो. म्हणजे वेदनाशमन हा रुग्णाचा लाड नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

दुसरी गफलत शब्दांची. गुंगी व वेदनाशमन एक नव्हेत. मिडॅझोलम भीती कमी करते, आठवण पुसट करते; वेदना थांबवत नाही. डायक्लोफेनॅक वेदना कमी करते, गुंगी आणत नाही. फेंटानिल वेदना चांगली शमवते, पण मिडॅझोलमसोबत दिल्यास श्वसन मंदावू शकते; म्हणून रक्तातील ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवावे लागते. औषधांखेरीज, आघातांची सुरुवात कमी ऊर्जेने करून ती हळूहळू वाढवली, तर रुग्णाला सवय होते आणि मूत्रपिंडालाही इजा कमी होते.

वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील उद्या त्या टेबलावर असतील. ‘यात दुखत नाही’ असे वाचून गेलेला माणूस दुखले तरी दात-ओठ खाऊन गप्प राहील, आपणच भित्रे असे समजेल. म्हणून शिकवताना आपण एवढेच म्हणावे : चिरफाड नाही, दुखू शकते, त्यावर उपाय आहेत, दुखल्यास लगेच सांगावे.