मुक्कामागणिक बदलणारी मावशी

ढोलकी-फडाच्या तमाशात मला सगळ्यांत आधी रस्ता दिसतो. दसऱ्याला बाहेर पडलेला फड पावसाळा तोंडावर येईपर्यंत गावोगाव तंबू ठोकत फिरतो. या फिरतीनंच खेळाचा घाट घडवला, असं मला वाटतं.

सुरुवातच घ्या. रंगमंचावर अजून कुणी आलेलं नसतं, आणि ढोलकी-हलगीची जुगलबंदी पेटलेली असते. गाव अजून जेवतंय, तंबू अर्धा रिकामा. हलगीचा तो कडक नाद शिवारं ओलांडून वाड्या-वस्त्यांवर पोचतो आणि माणसं निघतात. वाद्यांनी दिलेली ही हाळीच आहे. मग गण. भोकरदन तालुक्यात राजूरचा गणपती घरचाच, त्यामुळे इथल्या श्रोत्याला गणातलं आवाहन आपल्या दैवताला केलेलं वाटतं. परका फड पहिल्या दहा मिनिटांत गावाचा होतो.

खरी कमाल पुढे गवळणीत. कृष्ण, पेंद्या, गवळणी ठरलेल्या. त्यांची वाटही ठरलेली. मोकळी असते ती मावशी. लुगडं नेसलेला तो पुरुष नट ज्या गावात उभा आहे, त्या गावाचा होऊन बोलतो. भोकरदनकडे ती पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीचा भाव विचारील, नारायणगावात टोमॅटोचा. संहितेत ही जागा कोरी ठेवणं हे मला मोठ्या नाट्यबुद्धीचं काम वाटतं. आयर्लंडच्या ‘रिव्हरडान्स’ या नृत्याच्या खेळाशी ताडून बघावं. १९९४ साली डब्लिनमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात तो काही मिनिटांपुरता सादर झाला. पुढच्याच वर्षी त्याचा पूर्ण खेळ उभा राहिला आणि नद्यांची नावं घेतलेल्या त्याच्या तुकड्या जगभर फिरल्या. तिथं सगळ्या रांगेची पावलं एका ठोक्यात पडतात, आणि ती शिस्त कुठल्याही शहरात तशीच राहावी यात त्याचं वैभव आहे. फडाचं वैभव बदलण्यात आहे.

पायांचं ठोक्याशी नातं मात्र दोन्हीकडे सारखं. तमाशाच्याच दुसऱ्या तऱ्हेत, संगीत बारीत, रसिक कलावतीकडे जातो. चौफुल्याच्या थिएटरात समोर बसलेल्याला नुसती भुवई हलली तरी पुरते. तंबूतल्या शेवटच्या माणसाला चेहराच दिसत नाही. म्हणून फडाच्या लावणीत अदा डोळ्यांतून चाळांत उतरते. ढोलकी सवाल टाकते, पाय जवाब देतात.

हे पाय दिवसभर ट्रकमध्ये अवघडलेले असतात. खेळ संपला की तंबू उतरवायचा, कनाती गुंडाळायच्या, सामानाच्या गर्दीत जमेल तेवढं झोपायचं, नव्या गावी पाणी शोधायचं, राहुटीत पुन्हा तोंडाला रंग लावायचा. हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे आजारपणालाही सुट्टी नाही. विठाबाई नारायणगावकरांचा प्रसंग महाराष्ट्रभर सांगितला जातो: भरले दिवस, खेळ चालू, आत जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. आपण तो निष्ठेची कथा म्हणून सांगतो. मला त्यात आधी दिसतं ते हे, की त्या रात्री बाईला खेळ थांबवण्याची सोय नव्हती. समोर तिकीट काढून बसलेला तंबू आणि मागे फडावर पोट असलेली माणसं. विठाबाईंच्या तेजाला मी मनापासून नमस्कार करते. पण ती वेळ त्यांच्यावर आणणाऱ्या व्यवस्थेला टाळी देववत नाही.

आणि वग. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी यांनी तापवलेल्या रात्रीचा उत्तरार्ध त्याचा. पूर्वी तो पहाटेपर्यंत रंगायचा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करण्याचा नियम आल्यापासून कात्री बहुधा त्याच्यावरच चालते. हिंदी गाणी वाढली, वग आखडला. गावाच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. तरी जत्रेच्या एका रात्रीपुरती सवलत गावानं मागून घ्यावी, आणि सुपारी देतानाच पंचांनी फडमालकाला बजावावं: वग पुरा हवा.