सांध्यांचे सौंदर्य

चर्चच्या एकीकरणाचा इतिहास बहुधा ठरावांच्या तारखांतून सांगितला जातो. कोल्हापूरची ख्रिस्ती मंडळी निरखून पाहावी, म्हणजे त्यातली कारागिरी उलगडते.

मुळातला धागाच दुपेडी आहे. मिशनरी रॉयल गोल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेच्या अहमदनगरच्या कामातून. तिथली रीत काँग्रिगेशनल: प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा. १८७० मध्ये कोल्हापूरचे काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. पाळक आणि निवडलेले वडील यांनी मिळून ठरवायचे, वर प्रेस्बिटेरीची, म्हणजे अनेक मंडळ्यांच्या सभेची, देखरेख, ही शिस्त आली. जुन्या मोकळेपणावर नवी शिस्त बसली, आणि पुढच्या साऱ्या घडणीचे बीज इथेच पडले.

१९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाले आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल एकत्र आले. इतरत्र ही नवी सोयरीक होती. नगर आणि कोल्हापूर मात्र वेगळी चूल मांडलेली भावंडेच. इतिहासाने घातलेली ही गाठ किती सुबक!

त्याआधीच गाण्याने वाट करून ठेवली होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. पण त्यांची भजने मिशनांच्या हद्दीत थांबली नाहीत. टिळक १९१९ मध्ये गेले, १९२४ चे एकीकरण त्यांनी पाहिले नाही. पण अभंगाच्या चालीवर ती एकी आधीच गायली गेली होती.

एकीकरणाचे सर्वांत नाजूक काम २९ नोव्हेंबर १९७० चे, नागपूरचे. युनायटेड चर्च धरून सहा चर्चे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अँग्लिकनांना बिशप हवा, बॅप्टिस्टांना जाणत्या वयातला बाप्तिस्मा, प्रेस्बिटेरियनांना वडिलांची सभा. घटनेने कोणाचेच पुसले नाही. बिशप आला, पण तो निवडलेला आणि घटनेने बांधलेला. बाळाचा बाप्तिस्मा राहिला, बाळाचे समर्पण करून मोठेपणी बाप्तिस्मा घेण्याची वाटही राहिली. दीक्षित सेवकांच्या एकीकरणात एकमेकांवर हात ठेवले गेले, आणि कोणाची दीक्षा उणी होती हे शब्दांत येऊ दिले नाही. ज्याला जे हवे ते देवाने द्यावे, एवढेच मागितले. इतक्या अवघड प्रश्नावर इतका संयम क्वचितच दिसतो.

आज कोल्हापूर हे या चर्चचे डायोसिस, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचा विभाग, आहे. तिथे बिशप आहे आणि मंडळीच्या कारभारात निवडलेल्या माणसांचा शब्दही आहे. एकी म्हणजे सारखेपणा नव्हे, हे तत्त्व अनेकांनी मांडले. इथे ते कारभाराच्या रोजच्या रीतीत उतरले, आणि हीच या घडणीची थोरवी.