गोल दिसायच्या आधीचा फोर्लान

पेनल्टीवरचा गोल रसिक सहसा हिशेबात धरत नाहीत. दिएगो फोर्लानचा १८ सप्टेंबर २००२चा गोल मात्र धरावाच लागतो. समोर मक्काबी हैफा होती, मँचेस्टर युनायटेड आरामात पुढे होती, पेनल्टी मिळाली आणि बेकहॅमने ती स्वतः न मारता फोर्लानला मारू दिली. जानेवारीत सुमारे ७० लाख पौंड मोजून अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेकडून आणलेला हा उरुग्वेचा स्ट्रायकर. आठ महिने उलटले, पंचविसाहून जास्त सामने झाले, बरेचसे बदली खेळाडू म्हणून, आणि गोल एकही नाही. पहिला आला तोही असा, सहकाऱ्याने मोठ्या मनाने दिलेला.

आमच्या नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात, ते समोर बसून पाहता येतात. युरोपचा फुटबॉल मात्र आपण मध्यरात्री पडद्यावर पाहतो. आणि पडदा फसवतो. कॅमेरा चेंडूमागे धावतो, स्ट्रायकरचं निम्मं काम मात्र चेंडू नसताना चालतं. तो कुठून निघाला, कोणत्या बचावपटूच्या पाठीमागे सरकला, हे चौकटीबाहेर राहतं. मग आपल्या हाती उरतो तो फक्त आकडा, आणि महागड्या खेळाडूचा आकडा शून्य असला की ‘पांढरा हत्ती’ म्हणायला वेळ लागत नाही.

फोर्लान नीट पाहायचा तर १ डिसेंबर २००२ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर. लिव्हरपूलच्या कॅरॅगरने डोक्याने चेंडू आपल्या गोलरक्षकाकडे, डुडेककडे, परत ढकलला. अगदी सोपा, हलका चेंडू. अशा वेळी शंभरातले नव्व्याण्णव स्ट्रायकर पाठ फिरवून परत चालू लागतात. फोर्लान त्या चेंडूच्या मागावरच राहिला. डुडेकच्या हातांतून, पायांमधून चेंडू निसटला, तेव्हा तो ढकलायला हा तिथे हजर. लोक हा गोल डुडेकच्या नावावर मांडतात. मला तो फोर्लानचाच वाटतो, कारण जिथे जायचं काही कारण नव्हतं तिथे तो गेला होता. तीनच मिनिटांनी सहकारी गिग्जचा पास, पेनल्टी क्षेत्राच्या उजव्या बाजूने फटका, जवळच्या खांबाकडून चेंडू आत. पहिल्या गोलात सवय दिसते, दुसऱ्यात पाय.

तरी मँचेस्टरला तो रुजला नाही. ९८ सामने, १७ गोल. शेवटाचा किस्सा त्याने स्वतःच सांगितला आहे: युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन लांब स्टडचे बूट घालायला सांगत होते, याला आखूड स्टडच आवडत, चेल्सीविरुद्ध ऐन गोलसमोर पाय घसरला आणि नंतर फर्ग्युसननी ते बूटच भिरकावले. २००४मध्ये तो स्पेनला व्हियारेआलकडे गेला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल, स्पेनमध्ये सर्वाधिक. युरोपच्या गोल्डन शू पुरस्कारात थिएरी ऑन्रीशी बरोबरी. एवढ्यात माणूस बदलला का? धावा त्याच होत्या, दोन्ही पायांनी मारणंही तेच. आता तो पहिल्या मिनिटापासून मैदानावर असायचा आणि मागे चेंडू धरून ठेवणारा रिकेल्मे होता.

हे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड धरत असतो. बाहेरून नुसती काडी आणि पानं. घड दिसतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. भर उन्हाळ्यात घड नाही म्हणून कोणी बाग उपटत नाही. फुटबॉलच्या बाजारात उपटतात.

म्हणजे थांबलं की प्रत्येकाचा घड बाहेर पडतो असं नाही. फर्नांडो टोरेस घ्या. जानेवारी २०११, पाच कोटी पौंड, लिव्हरपूलहून चेल्सी. त्या उरलेल्या हंगामात एकच गोल. सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने गोलरक्षक डे हेआला चकवलं, समोर रिकामी जाळी, आणि चेंडू बाहेर मारला. अवघं जग हसलं. हसायला जगाने चुकीचा प्रसंग निवडला, असं माझं मत. त्या हालचालीत शेवटचा स्पर्श सोडला तर सगळं शाबूत होतं. त्याच सामन्यात त्याने एक देखणा गोलही केला होता. उलट २४ एप्रिल २०१२चा बार्सिलोनाच्या कॅम्प नूवरचा गोल ‘टोरेस परतला’ म्हणून गाजला. तो पुन्हा पाहा. पुढे अर्धं मैदान मोकळं, एकही बचावपटू नाही, गोलरक्षक वाल्देसला वळसा आणि गोल. सुंदर, पण पुरावा म्हणून कच्चा. लिव्हरपूलच्या टोरेसचं वैशिष्ट्य होतं ती पहिली तीन पावलं, जी मार्च २००९मध्ये याच ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडचा बचावपटू विदिचला झेपली नव्हती. २०१०च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती पावलं पूर्वीसारखी परत आली नाहीत. पुढे एका हंगामात त्याने सर्व स्पर्धा मिळून २२ गोल केले, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातही केला; तरी लिव्हरपूलकडून १४२ सामन्यांत ८१ आणि चेल्सीकडून १७२ सामन्यांत ४५ ही तफावत बुजली नाही. स्पर्श हरवला तर सापडतो. पावलं हरवली की खेळाडूला दुसरा खेळ शोधावा लागतो.

फोर्लानचा खेळ पावलांवर उभा नव्हताच, म्हणून तो टिकला. २०१०च्या विश्वचषकात पाच गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल. जर्मनीविरुद्धचा तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातला त्याचा व्हॉली अजून डोळ्यांत आहे: उजवीकडून आलेला चेंडू हवेतच गाठून जमिनीवर आपटला, आणि टप्पा घेऊन तो जाळीत.

आणि मग २०१६मध्ये, सदतिसाव्या वर्षी, हा माणूस कसारा घाटापलीकडे अंधेरीत इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीकडून खेळायला आला. वेग केव्हाच संपला होता. १९ नोव्हेंबरला केरला ब्लास्टर्सविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल, उत्तरार्धात तिसरा, मुंबई ५-०. ब्लास्टर्सच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून युनायटेडचाच जुना विंगर स्टीव्ह कॉपेल बसलेला, हा योगायोग मला फार आवडतो. मुंबईने साखळीत अव्वल स्थान मिळवलं. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात कोलकात्यात फोर्लानला लाल कार्ड मिळालं, संघ ३-२ हरला, आणि परतीचा सामना ०-० राहिला. त्या नव्वद मिनिटांत मुंबईकडे पळणारे पाय भरपूर होते. चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणारा तेवढा निलंबित होता.